थिसिस आणि पेपर लिहिताना एआय कसं वापरायचं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आपल्या मुलामुलींसाठी

माझ्या थिसिसमध्ये एक साधं वाक्य होतं, की विड्या वळणाऱ्या बायका सकाळी उठल्या उठल्या दाताला मिश्री लावतात. रात्री साडेअकराला तो परिच्छेद एआयला दिला, इंग्रजी नीट कर म्हणून, आणि आलेलं उत्तर डोळ्यावर झोप असताना फाइलमध्ये चिकटवलं. चार दिवसांनी गाईड मॅडमनी प्रिंटवर लाल गोल करून विचारलं, "हे खडीसाखरेचं काय लिहिलंयस गं?" टूलनं मिश्रीची खडीसाखर करून टाकली होती. हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर, आणि आपल्याकडं मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेला तंबाखू. वाक्य व्याकरणात एकदम बरोबर होतं, इंग्रजी माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं होतं, आणि म्हणूनच माझ्या नजरेतून सुटलं.

मी खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी मीडियम, पुढं इथंच एमबीबीएस आणि मग कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी. पेशंटशी मराठी आणि मोडकीतोडकी कन्नड, वॉर्डात हिंदी, आणि थिसिस मात्र इंग्रजीत, हे आपल्या सगळ्यांचंच आहे. त्यामुळं एआय वापरू नका असं मी सांगणार नाही, मला त्यानं खरंच मदत झाली. पण कुठं वापरायचं आणि कुठं हात लावायचा नाही हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे दोन-अडीच महिने वाचले असते. एमडी, एमएस, नर्सिंग, फार्मसी, फिजिओ, आयुर्वेद, पीएचडी, कुणीही असा, हे उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, मग जेमिनी, क्लॉड वगैरे आले. ही टूल्स आधीच्या मजकुराकडं बघून पुढचा शब्द कुठला शोभेल याचा अंदाज बांधत बांधत वाक्य पुढं नेतात. ते खरं आहे का हे बघणं त्या कामात आपोआप येत नाही. म्हणून मी स्वतःसाठी एकच नियम केला: जे माझ्याजवळ आधीच आहे, म्हणजे मी मोजलेलं, मी वाचलेलं, मी डोळ्यांनी बघितलेलं, त्यावर एआय चालवायचं, आणि जे माझ्याजवळ नाही ते त्याच्याकडं मागायचं नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या यातूनच आल्यात.

१. बसण्याआधी हे जवळ ठेवा

- एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र, आणि कमिटीनं मंजूर केलेले कन्सेंट फॉर्म, मराठी आणि कन्नड दोन्ही
- डेटाची एक्सेल शीट, नाव, फोन, आयपी नंबर (म्हणजे ॲडमिट पेशंटचा नंबर) काढून टाकलेली. मूळ शीट वेगळी, पासवर्ड घालून
- ज्या जर्नलला पाठवायचंय त्यांच्या लेखकांसाठीच्या सूचना, डाउनलोड केल्याची तारीख टाकून, कारण त्या मधेच बदलतात
- झोटेरो, म्हणजे संदर्भ साठवून ठेवायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं
- तुमच्या अभ्यासाच्या प्रकाराची चेकलिस्ट. सर्व्हेसारखा निरीक्षणाचा अभ्यास असेल तर स्ट्रोब, त्यात २२ मुद्दे आहेत, केस रिपोर्टला केअर, ट्रायलला कन्सॉर्ट, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला प्रिझ्मा
- एक साधी वर्ड फाइल, नाव द्या "एआय नोंद"
- कन्नड घरची भाषा असलेली एक मैत्रीण किंवा मित्र. हे गमतीनं लिहीत नाही, सहाव्या पायरीला लागतंय

२. नियम आधी वाचा, लिहून झाल्यावर नव्हे

तीन ठिकाणचे नियम बघायचे: तुमच्या कॉलेजचे, विद्यापीठाचे आणि जर्नलचे. कॉलेजचा लेखी नियम सापडला नाही तर गाईडना मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा, तोंडी "चालतंय की" वर थांबू नका.

मेडिकल जर्नल्स बहुतेक करून आयसीएमजेई, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिच्या शिफारशी मानतात. त्यांनी मे २०२३ मध्ये एआयबद्दल स्पष्ट लिहिलं. एआयला लेखक म्हणून नाव देता येत नाही, कारण लेखकानं मजकुराची जबाबदारी घ्यायची असते, चूक निघाली तर उत्तर द्यायचं असतं, आणि ते टूलला शक्य नाही. वापर केला असेल तर पेपर पाठवतानाच सांगायचं, कव्हर लेटरमध्येही आणि पेपरमध्येही. भाषा सुधारायला वापरलं तर आभाराच्या भागात लिहायचं, डेटा गोळा करायला, विश्लेषणाला किंवा आकृत्यांना वापरलं तर मेथड्समध्ये. एआयनं लिहिलेला मजकूर मूळ संदर्भ म्हणून दाखवायचा नाही. कोप (प्रकाशनातल्या एथिक्सवर काम करणारी समिती) आणि वेम (मेडिकल संपादकांची जागतिक संघटना) या संस्थांनीही २०२३ मध्येच हेच सांगितलंय. काही जर्नल्स याहून कडक आहेत, म्हणून सूचना प्रत्येक वेळी नव्यानं वाचा.

आणि एक. तुमच्या गाईडकडं दुसऱ्याचा पेपर रिव्ह्यूला येतो आणि ते तुम्हाला बघायला देतात, असं आपल्याकडं होतं. तो पेपर एआयमध्ये टाकायचा नाही. तो अजून छापलेला नाही, दुसऱ्याचा आहे, आणि गुप्त ठेवायच्या अटीवर आलेला आहे.

३. पेशंटची माहिती बाहेर जाऊ देऊ नका

केस रिपोर्ट लिहायचा म्हणून केस पेपरचा फोटो काढून सरळ टूलमध्ये टाकणारी मुलं मी बघितलीत. मन वाईट असतं असं नाही, घाई असते. पण त्या फोटोत नाव, वय, गाव, आयपी नंबर, कधी कधी आधारची झेरॉक्स पण असते, आणि पेशंटनं तुमच्यावर विश्वास ठेवून ती दिलेली असते, कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर जायला नव्हे.

नाव काढलं म्हणजे झालं असं समजू नका. समजा खानापूरच्या जंगलाकडच्या वाडीतली बाई आहे, वय ३४, माकडताप झालाय, जानेवारीत ॲडमिट झाली. नाव नसलं तरी त्या वाडीतला कुणीही सांगेल ही कोण ते. आपली गावं लहान आहेत. तेव्हा गाव काढा, नुसता जिल्हा ठेवा, वयाचा गट लिहा, तारखेऐवजी "तिसऱ्या दिवशी" असं लिहा. एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या फिल्मच्या कोपऱ्यात नाव छापलेलं असतं, ते सगळ्यात जास्त वेळा विसरलं जातं.

टूलच्या सेटिंगमध्ये तुमच्या गप्पा ट्रेनिंगला वापरू द्यायच्या का असा पर्याय असतो, तो बंद करा, पण त्यावर विसंबून पेशंटची माहिती टाकू नका. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय एथिक्स मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि २०२३ मध्ये खास एआयवर वेगळी आलीत, दोन्ही फुकट डाउनलोड होतात. गोपनीयतेचा भाग तरी वाचाच. आणि तुमच्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे कमिटीला दिलेल्या अभ्यासाच्या आराखड्यात, डेटा फक्त तुमच्याकडं राहील असं लिहिलं असेल, सगळेच लिहितात, तर बाहेरच्या टूलमध्ये तो टाकणं म्हणजे कमिटीला दिलेला शब्द मोडणं आहे.

४. संदर्भ एआयकडं मागायचे नाहीत

ही पायरी सगळ्यात मोठी आहे कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान इथं झालं.

रिव्ह्यू ऑफ लिटरेचर लिहिताना मी विचारलं, निपाणीच्या विडी कामगार बायकांवर झालेले अभ्यास दे. सात संदर्भ आले. आडनावं आपल्याकडचीच, जर्नल खरं, साल, खंड, पान नंबर सगळं होतं. मी खूश. एक छान वाटला म्हणून पूर्ण पेपर मिळवायला गेले तर त्या खंडातल्या त्या पानावर मोतीबिंदूवरचा पेपर निघाला. मग एकेक तपासायला बसले. सातातले चार अस्तित्वातच नव्हते, दोन होते पण दुसऱ्या राज्यातले, आणि एकच कामाचा. आणि तोवर मी त्यातल्या दोन न बघितलेल्या पेपरांवर अख्खा परिच्छेद लिहून बसले होते.

हे माझ्या एकटीचं नाही. २०२३ मध्ये चॅटजीपीटीनं लिहिलेल्या ३० छोट्या मेडिकल लेखांमधले ११५ संदर्भ काही संशोधकांनी तपासले, तर ४७ टक्के बनावट, ४६ टक्के खरे पण तपशील चुकलेले, आणि धड खरे आणि बरोबर फक्त ७ टक्के. त्यानंतर टूल्स सुधारलीत, आता काही इंटरनेट शोधून लिंक पण देतात, पण त्या लिंकच्या पेपरात तेच लिहिलंय का हे बघायचं काम तुमचंच राहतं.

आता मी असं करते, तुम्हीही करा.

आधी पबमेडवर, म्हणजे मेडिकल पेपर शोधायच्या साइटवर, स्वतः शोधा. शब्द सुचत नसतील तर तेवढी मदत एआयकडून घ्यायला हरकत नाही, म्हणजे "मिश्रीला इंग्रजी पेपरांत कुठली कुठली स्पेलिंग वापरतात" असं विचारायचं, कारण ते खरं-खोटं लगेच शोधून कळतं. मिश्री, मिस्री, मशेरी तिन्हीनं शोधा. आपल्या भागासाठी आणखी एक: १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी झालं, त्याआधीच्या पेपरांत जुनंच इंग्रजी स्पेलिंग आहे, तसंच विजापूरचं विजयपुरा झालं. दोन्ही नावांनी शोधलं नाही तर अर्धे पेपर दिसतच नाहीत, माझ्या पहिल्या सर्चमध्ये नेमकं हेच झालं होतं.

मग प्रत्येक संदर्भासाठी: शीर्षक अवतरण चिन्हात घालून पबमेडवर टाका. डीओआय, म्हणजे प्रत्येक पेपरचा स्वतंत्र ओळख नंबर, डीओआय डॉट ओआरजीवर टाकून तोच पेपर उघडतो का बघा. लेखक, साल, जर्नल जुळवा. पेपर मागे घेतलेला नाही ना हे बघा, झोटेरोमध्ये असा पेपर आला की लाल पट्टी दिसते. मग पेपर उघडा आणि तुम्ही लिहिलेला आकडा कुठल्या टेबलमध्ये आहे ते शोधून झोटेरोच्या नोटमध्ये टेबलचा नंबर लिहा.

शेवटचं सोडू नका. बनावट संदर्भ तरी पकडता येतो, खरा पेपर आणि चुकीचा आकडा ही जास्त वाईट जोडी. २०१६-१७ च्या गॅट्स-२ या तंबाखू वापराच्या सर्व्हेत भारतात १५ वर्षांवरच्या २८.६ टक्के लोकांत तंबाखूचा वापर होता, हा सगळ्या प्रकारचा मिळून, आणि बिनधुराच्या तंबाखूचा आकडा २१.४ टक्के. मी रिपोर्टची माहिती देऊन सारांश करून घेतला त्यात २८.६ हा बिनधुराच्या तंबाखूला लावलेला आला. संदर्भ खरा, आकडा खरा, जोडणी खोटी. रिपोर्ट उघडून बघितल्याशिवाय हे कळायला मार्गच नाही.

एका संदर्भाला पंधरा-वीस मिनिटं जातात, साठ संदर्भांचे तास मोजून वेळापत्रकात आधीच धरा. शेवटच्या आठवड्यावर टाकलंत तर होत नाही.

५. इंग्रजी सुधारून घ्या, पण परिच्छेद एकेक करून

इथं एआय खरोखर कामाचं आहे आणि यात लाज वाटायचं काही कारण नाही. आधी स्वतः लिहा, मोडकं का असेना. इंग्रजीत जमत नसेल तर मराठीत लिहा, पण विचार आणि क्रम तुमचा असू दे. अख्खा चॅप्टर एकदम देऊ नका, मग काय बदललं ते कळत नाही. मी हे असं टाकते:

"खालच्या परिच्छेदाचं फक्त व्याकरण आणि वाक्यरचना सुधार. आकडे, एककं, संदर्भ क्रमांक आणि निष्कर्षाचा जोर बदलू नकोस. नवीन माहिती घालू नकोस. मिश्री, जर्दा, गुटखा हे शब्द तसेच ठेव. अर्थ कळला नाही तिथं अंदाज न करता मला विचार. शेवटी काय काय बदललं त्याची यादी दे."

ती यादी पण पूर्ण असेलच असं नाही, म्हणून वर्डमध्ये जुनी आणि नवी फाइल कंपेअर करा आणि प्रत्येक बदल बघून घ्या. मला सापडलेल्या चुका सांगते, तुम्हालाही ह्याच सापडतील.

मी लिहिलं होतं "असोसिएटेड विथ", त्याचं झालं "लेड टू". एकाच वेळी केलेल्या सर्व्हेत मी मिश्री आणि हिरड्यांचा आजार दोन्ही एकदमच विचारले, कशामुळं काय झालं हे मी म्हणूच शकत नाही. एका शब्दानं निष्कर्ष खोटा झाला असता. "मे" हा शब्द गायब होतो, "कदाचित" चं "नक्की" होतं. पी व्हॅल्यू ०.०५ च्या वर असलेल्या, म्हणजे पुरेसा पुरावा नसलेल्या, गोष्टीला "वाढीचा कल दिसला" असं शेपूट लागलं होतं, जे मी लिहिलंच नव्हतं. मर्यादांच्या परिच्छेदात मी लिहिलेली एक मर्यादा काढून टाकली होती, बहुतेक वाक्य अडखळत होतं म्हणून, पण तीच सगळ्यात महत्त्वाची होती.

सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणाऱ्या मजकुराची टक्केवारी, कमी करायला पॅराफ्रेज (शब्द फिरवून देणारं) टूल वापरायचं हा जो सल्ला हॉस्टेलमध्ये फिरतो, तो ऐकू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्याच्यावर टप्पे चालू होतात, आणि ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशन रद्द करण्यापर्यंत जातं. म्हणून मुलं घाबरून शब्द फिरवून घेतात. पण दुसऱ्याचा विचार शब्द फिरवून आपला होत नाही, आणि शब्द पण धड राहत नाहीत. २०२१ मध्ये गिलोम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलेल्या पेपरांत असे फिरवलेले शब्द शोधून काढले, त्यात ब्रेस्ट कॅन्सरचं "बूझम पेरिल" आणि किडनी फेल्युअरचं "किडनी डिसअपॉइंटमेंट" झालेलं होतं. मूळ पेपर बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग आठवून स्वतःच्या शब्दांत लिहा आणि संदर्भ द्या. सिमिलॅरिटी आपोआप उतरते.

६. कन्सेंट फॉर्म आणि प्रश्नावली: इथं माणूसच लागतो

आपल्याकडं हा भाग बाकीच्यांपेक्षा अवघड आहे. एका गल्लीत मराठी, दुसऱ्या गल्लीत कन्नड, मधेच उर्दू बोलणारं घर, त्यामुळं प्रत्येक फॉर्म निदान दोन भाषांत लागतोच, आणि हाताशी एआय असल्यावर मोह होणारच.

माझ्या पहिल्या मराठी फॉर्ममध्ये टूलनं लिहिलं होतं, "सहभागास नकार दिल्यास आपल्या उपचारप्रक्रियेवर कोणताही प्रतिकूल परिणाम होणार नाही." चूक काहीच नाही. मी ते एका अक्काला वाचून दाखवलं, ती विड्या वळता वळता ऐकत होती, हात थांबले नाहीत, आणि शेवटी म्हणाली, "सही कुठं करू तेवढं सांग बाई, बाकी काय कळंना." ही संमती नव्हे. मी परत लिहिलं, "नाही म्हटलं तरी चालतंय, तुमचं औषधपाणी थांबणार नाही." मग तिनं हातातलं पान सुपात ठेवलं आणि विचारलं, रक्त काढणार काय? तेव्हा मला कळलं की आता ती ऐकायलीय.

प्रश्नावलीत आणखी धोका असतो. टूलनं एका प्रश्नात इंग्रजी कफला मराठी कफच ठेवलं, दोन आठवड्यांपेक्षा जास्त कफ आहे का. आपल्याकडं कफ म्हणजे छातीत साठलेला बेडका. कोरडा खोकला असलेली बाई सरळ नाही म्हणणार, आणि टीबीचा संशय घ्यायचा तो पेशंट हातातून सुटणार. शब्द हवा होता खोकला. "अंगावरून जाणं" याचं इंग्रजी करताना कधी रक्तस्राव येतो, कधी पांढरं जाणं येतं, आणि बायका दोन्हीसाठी तोच शब्द वापरतात, म्हणून पुढं "लाल का पांढरं" असं विचारायलाच लागतं. हे टूलला माहीत नसतं, आशाताईला माहीत असतं.

कन्नडचं मी स्वतः काही सांगू शकले नसते. गोकाककडची माझी बॅचमेट वाचून म्हणाली की हे पुस्तकी कन्नड आहे, आमच्याकडच्या शेतातल्या बाईला हे जड जाईल. तिनं जवळपास निम्मी वाक्यं बदलली.

तर पद्धत अशी ठेवा. पहिला कच्चा खर्डा हवा तर एआयकडून घ्या. मग ती भाषा घरी बोलणाऱ्या माणसाकडून दुरुस्त करा. मग दुसऱ्या माणसाला, ज्यानं मूळ इंग्रजी बघितलेलंच नाही, त्याला परत इंग्रजीत उलटं भाषांतर करायला सांगा आणि मूळाशी जुळवा. हे उलटं भाषांतर एआयकडून करून घेऊ नका, ते चुकीचं वाक्य पण सावरून छान इंग्रजी करून देतं आणि चूक झाकली जाते. मग पाच-सहा जणांना वाचून दाखवून "मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा" असं विचारा. हे सगळं एथिक्स कमिटीकडं फॉर्म देण्याच्या आधी. मंजुरीनंतर शब्द बदलला तर बदललेला फॉर्म परत कमिटीकडं न्यावा लागतो, परस्पर बदलायचा नाही.

७. आकडेमोड, आलेख, चित्रं

टेबल चिकटवून "टक्केवारी काढ" म्हणू नका. मी काढून घेतली तर एका रकान्याची बेरीज शंभरच्या वर गेली. त्यापेक्षा आर (स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर) किंवा एक्सेलचा फॉर्म्युला लिहून मागा, तो स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवा, आणि निदान एक टेबल हातानं मोजून बघा. कुठली टेस्ट लावायची हे स्टॅटिस्टिशियन सरांना विचारून ठरवा, आणि ते डेटा गोळा करण्याआधी. रिकामे रकाने एआयकडून भरून घेणं म्हणजे खोटा डेटा, यात दुसरं मत नाही.

चित्रांचं तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये एआयनं काढलेलं उंदराचं चित्र छापलं गेलं, अवयव अशक्य आकाराचे आणि नावं अर्थहीन अक्षरांची, आणि तीन दिवसांत पेपर मागे घेतला गेला. एक्स-रे, स्लाइड, जखमेचा फोटो, यातलं काहीही एआयनं बनवायचं नाही आणि "स्वच्छ" पण करायचं नाही.

८. नोंद ठेवा आणि उघड सांगा

ती "एआय नोंद" फाइल आठवते ना. त्यात प्रत्येक वेळी एक ओळ: तारीख, टूलचं नाव आणि व्हर्जन, कुठला परिच्छेद, काय मागितलं, काय घेतलं, कुणी तपासलं. दोन मिनिटांचं काम आहे, पण सहा महिन्यांनी जर्नलनं विचारलं तर आठवत काहीच नाही.

जाहीर करायचं वाक्य साधं असू दे. माझं असं होतं, इंग्रजीत करून घाला: "या लेखाच्या प्रस्तावना आणि चर्चा या भागांची इंग्रजी भाषा सुधारण्यासाठी अमुक टूल, अमुक व्हर्जन, अमुक महिन्यात वापरलं. सर्व बदल लेखकांनी तपासले असून मजकुराची पूर्ण जबाबदारी लेखकांची आहे." टूलमध्ये पेशंटची माहिती टाकली नाही हेही एका वाक्यात लिहा, आणि ते खरं असलं पाहिजे. हे लिहिल्यानं पेपर परत येईल अशी भीती मला होती. कुणी एक प्रश्न विचारला नाही.

९. "हे एआयनं लिहिलंय" असा आरोप आला तर

डिटेक्टर, म्हणजे मजकूर एआयनं लिहिलाय का ते ओळखायचं टूल, त्याचा आकडा म्हणजे पुरावा नव्हे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनंच स्वतःचा डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये बंद केला, अचूकता कमी म्हणून. आणि आपल्यासारख्यांसाठी महत्त्वाचं, २०२३ मध्येच स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले, तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के एआयचे ठरवले गेले. साधे शब्द, साचेबंद वाक्यं, म्हणजे आपण शाळेत पाठ करून शिकलेलं इंग्रजी, तेच त्यांना मशीनचं वाटतं.

म्हणून सुरुवातीपासूनच गूगल डॉक्सवर किंवा वर्डच्या व्हर्जन हिस्टरीसह लिहा. पहिले खर्डे, वहीतल्या नोंदी, फील्डवरच्या टिपणांचे फोटो, काही फेकू नका. आरोप आला तर भांडू नका, सरांना किंवा मॅडमना भेटायची वेळ मागा, लॅपटॉप घेऊन जा, खर्डे आणि एआय नोंद दाखवा, आणि "कुठलाही परिच्छेद विचारा, मी समजावून सांगते" असं म्हणा. व्हायवाला एक्स्टर्नलनी मला पहिला प्रश्न मिश्री कशी करतात हाच विचारला. एका मावशीनं माझ्यासमोर चुलीवर भाजून दाखवली होती, धुरानं माझे डोळे चुरचुरत होते, ते सगळं सांगितलं.

१०. पाठवण्याच्या आदल्या दिवशी

प्रिंट काढा, स्क्रीनवर नको. प्रत्येक संदर्भासमोर पेननं बरोबरची खूण, पेपर स्वतः उघडला असेल तरच. प्रत्येक आकडा मूळ टेबलशी. सारांशातला आकडा आणि आतला आकडा एकच आहे ना. टूलच्या उत्तरातली सुरुवातीची किंवा शेवटची ओळ चुकून राहिली नाही ना, छापलेल्या पेपरांतही "हे घ्या तुमच्या विषयाची संभाव्य प्रस्तावना" अशा अर्थाचं वाक्य राहून गेलेलं आहे. आपल्याकडचे शब्द, गावांची नावं, आजारांची बोलीतली नावं, एकदा वेगळी शोधून बघा, मिश्री तर बघाच.

मग शेवटची फाइल आणि जाहीर करायचं वाक्य सगळ्या सहलेखकांना मेलवर पाठवा, एआय कुठं वापरलं ते त्याच मेलमध्ये लिहा, आणि प्रत्येकाचं "वाचलं, मान्य आहे" असं लेखी उत्तर येईपर्यंत सबमिटचं बटण दाबू नका. माझ्या वेळी एक सर दौऱ्यावर होते, नऊ दिवस थांबावं लागलं. थांबले.